मातीच्या बैलापासून सुरुवात : पहिली ते तिसरीच्या वर्गावर नव्याने येणाऱ्यांसाठी

जून उजाडला की आमच्या भागातल्या कुठल्या ना कुठल्या मराठी शाळेत नवीन अतिथी शिक्षक रुजू होतात आणि आठवडाभरात मला फोन येतो. "बाई, नलि-कलीचा वर्ग दिलाय. पहिली, दुसरी, तिसरी सगळी एकत्र. काय करू?" (नलि-कली म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली, पहिली ते तिसरीच्या पोरांना एकत्र बसवून कार्डांवरून गटागटाने शिकवायची पद्धत.) मी विचारते, तयारी काय केलीय? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. थर्मोकोल आणलाय, रंगीत कागद आणलेत, मोबाईलवर एक छान फुलपाखरू बघून ठेवलंय. फुलपाखराला माझी हरकत नाही. पण ते फुलपाखरू रात्री घरी बसून बाईच कापतात, बाईच चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी पोरं हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसतात. पहिली चार वर्षं मीही हेच केलं. भिंती इतक्या सजल्या होत्या की तपासणीला आलेले साहेब खूश होऊन गेले. पोरांना मात्र वाचता येत नव्हतं.

म्हणून हा लेख. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. एक विषय धरून दोन आठवडे हाताने करायचे उपक्रम कसे चालवायचे, एवढंच यात आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : पोराच्या हाताला जी गोष्ट आधीपासून माहीत आहे, ती विषय म्हणून घ्या. माती, भात, बटाटा, पाऊस, बाजार. हात ते काम घरी शिकलेलाच असतो. त्यावर शब्द आणि आकडा चढवायचं काम तेवढं आपलं.

ही काही माझी शोधबुद्धी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला गेल्या आणि पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हा त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे यांवरच बालवाडी उभी केली. आणि आपली नलि-कली तर घरचीच. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली आणि 2009-10 पासून राज्यभरातल्या सरकारी शाळांत आली. नलि म्हणजे आनंदानं बागडणं, कलि म्हणजे शिकणं. नाव विसरू नका, कारण वर्गात कार्डांच्या ट्रेपाशी बसून बसून ते नेमकं विसरायला होतं.

आधी वर्ग नीट बघून घ्या

नलि-कलीच्या खोलीत भिंतीला खालच्या बाजूने फळ्याचा पट्टा रंगवलेला असतो, पोरांच्या उंचीचा. वर दोऱ्या बांधलेल्या असतात, त्याला छप्पर म्हणतात. पोरांनी केलेलं तिथं टांगायचं. जमिनीवर पाच गट बसतात. पहिल्या गटाला शिक्षकांची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला सोबत्याची, चौथ्याला सोबत्याची थोडी आणि पाचवा गट आपापला. नवे लोक विचारतात की या शिडीत (म्हणजे कुठल्या टप्प्यानंतर काय शिकायचं हे दाखवणाऱ्या तक्त्यात) आणि कार्डांत उपक्रम बसवायचे कुठे? सोपं आहे. शिडी सोडायची नाही. सकाळचा कार्डांचा वेळ तसाच चालू द्या. जेवणानंतरचा तास-दीड तास विषयाला द्या. आणि जे करायचं ते याच पाच गटांत करा, नवीन घडी बसवत बसू नका. पोरांना आपलं ताट, म्हणजे गटाची जागा, कुठलं हे पाठ झालेलं असतं.

खर्चाचं विचाराल तर, थर्मोकोलला जेवढे पैसे गेले असते त्यात दोन महिने निघतात. आधी जमवून ठेवायच्या वस्तू म्हणजे पाच-सहा रिकामी पोती, दोन बादल्या, एक घमेलं, नारळाच्या करवंट्या, चिंचोके, खराट्याच्या काड्या, रबरं, सुतळी आणि जुन्या लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा शब्दपट्ट्यांना एक नंबर. मागची कोरी बाजू जाड असते, दोन वर्षं टिकते. एक सांगावा धाडला की गावातून पोतंभर जमतात.

पहिला विषय : माती

जूनमध्ये मातीच घ्या. त्याला कारण आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण, म्हणजे कन्नडमधली कार हुण्णिमे. तिथून पंधरा दिवसांनी येते मण्णेत्तिन अमावास्ये. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. त्या दिवशी घरोघर मातीचे बैल करून पुजतात. पौर्णिमा ते अमावस्या हे दोन आठवडे म्हणजे तुमच्या विषयाची आयती मुदत. सुरुवात खऱ्या बैलांपासून होते आणि शेवट मातीच्या बैलांवर. घरात आई-आजी जे करणार आहेत तेच शाळेत चाललंय म्हटल्यावर पोरं घरून शब्द घेऊन येतात. वशिंड, खूर, दावं, वेसण, झूल, गोंडे. पुस्तकात हे शब्द शोधायला गेलात तर सापडायचे नाहीत.

माती आणायची कुंभाराकडून. जवळ कुंभार नसेल तर तळ्याच्या काठची चिकट माती चालते. खानापूर भागात वीटभट्ट्या आणि कौलांचं काम जुनं, तिथं खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आहे. त्या बाजूच्या शाळांना मातीची ददात नाही. माती चांगली की वाईट हे ओळखायला पेन्सिलीएवढी जाड वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. तडकली तर पाणी कमी आहे किंवा रेती जास्त आहे. गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीचा बैल ओला असताना देखणा दिसतो, पण वाळताना ती माती फार आकसते आणि बैलाच्या पोटाला भेगा पडतात. थोडी चाळलेली राख किंवा बारीक रेती मिसळली की भेगा कमी होतात. एकदा मी मुद्दाम दोन्ही मातींचे बैल शेजारी शेजारी ठेवले. तिसऱ्या दिवशी पोरांनीच येऊन सांगितलं, काळा तडकला. कशामुळे, हे दिवसभर वादात होतं.

एका पोराला पाव किलो माती पुरते. चोवीस पोरं असतील तर सहा किलो. आदल्या दिवशी दुपारी ढेकळं फोडून, खडे वेचून बादलीत भिजत घालायची. हे काम तिसरीच्या पोरांना द्या, शिपायाला नको. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि पोत्यावर काढून मळायची. बोटाला चिकटत नाही आणि दाबल्यावर ठसा राहतो, एवढी झाली की माती तयार.

बैल करताना एक चूक सगळेच करतात. चार पाय वेगळे वळायचे आणि पोटाला चिकटवायचे. ते पाय वाळल्यावर हमखास गळतात. त्याऐवजी अंड्यासारखा एक गोळा घ्यायचा आणि त्यातूनच चिमटून चार पाय खाली ओढायचे, पुढून मान ओढायची, वर चिमटीने वशिंड काढायचं. जोडायची ती फक्त शिंगं. जिथं शिंग बसणार तिथं काडीने चरे मारायचे, दोन्हीकडे पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. काही घरांत डोळ्यांना गुंजा लावतात, लाल-काळ्या, दिसतात छान. शाळेत गुंज आणू देऊ नका. गुंज विषारी आहे, चावली तर जिवावर बेतू शकतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. पहिलीतल्या एकाची माती फार सैल होती. पाय काढले, बैल पोत्यावर ठेवला आणि चारी पाय हळूहळू पसरून बैल पोटावर टेकला. मला वाटलं आता हा रडणार. तो शांतपणे म्हणाला, "बाई, माझा बैल बसलाय."

"का रे बसलाय?"

"दमलाय तो. सकाळपासनं औत ओढलंय की."

मी काही सुधारलं नाही. खालच्या फळ्यावर त्याच्याच जागेसमोर लिहिलं, "माझा बैल बसला." त्याला बोट ठेवून वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. त्याला अजून 'झ' येत नव्हता, शिडीवर ते अक्षर पुढच्या टप्प्यात होतं. पण वाक्य त्याचंच होतं, त्यामुळे कुठं काय आहे हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्या मुलीने लगेच सांगितलं, माझं लिहा, माझा बैल उभा आहे. त्या दिवशी भिंतीभर बैल झाले. कुणाचा चरत होता, कुणाचा मारका होता, एकाचा पळून गेला होता.

नव्यांना मी हेच सांगते. पोरं काम करत असताना तुमच्या हातात खडू हवा, माती नको. ती बोलतात ते टिपायचं आणि त्यांच्यासमोर लिहायचं. दुरुस्त करून लिहायचं का? मी पोराचं बोलणं तसंच ठेवते आणि खाली दुसऱ्या रंगाच्या खडूने पुस्तकातलं वाक्य लिहिते. "बैल बसलाय" आणि "बैल बसला आहे." दोन्ही वाचतो आम्ही. घरची भाषा चुकीची असं एकदा पोराच्या मनात बसलं की ते वर्गात तोंडच उघडत नाही.

वाळवायचं सावलीत. पहिल्या दिवशी वरून ओलं पोतं झाका, नाहीतर शिंगं आणि कान आधी वाळतात, पोट ओलंच राहतं आणि सांध्यात तडे जातात. जूनच्या हवेत पाच-सहा दिवस लागतात. तेवढ्यात गणित उरकून घ्या. एका बैलाला पाय चार, दोघांना आठ, तिघांना बारा. बैल ओळीत मांडत जायचं आणि पोरांनी मोजत जायचं. चारचा पाढा असा तयार झाला की घोकावा लागत नाही. शिंगांचा दोनचा पाढा. दुसरीच्या पोरांना मी उलटं विचारते, गोठ्यात पाय वीस आहेत, तर बैल किती? एक मुलगा म्हणाला, बाई, गडी पण उभा असला तर? मग गड्याचे दोन पाय धरून पुन्हा हिशेब. अठरा उरले, आणि अठराला चारने भागता येईना! गडी दोन झाले तेव्हा कुठे गोठा जमला.

आणखी एक गोष्ट घरच्या कामाला छान आहे. आपल्या गल्लीत बैलजोड्या किती आणि ट्रॅक्टर किती, ते मोजून यायचं. एकाला एक रेघ. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बैलाखाली चिंचोके मांडायचे, ट्रॅक्टरखाली चिंचोके मांडायचे. आमच्याकडे ट्रॅक्टरची रांग लांब झाली. त्यावर कुणी भाषण द्यायची गरज नाही, रांग समोर दिसते. ज्याच्या घरी बैल नाही तो ट्रॅक्टर करील, शेळी करील. करू द्या. पूजा घरची, शाळेत माती. वर्गात सगळ्या घरांतली पोरं असतात, हे डोक्यात असू द्या.

कन्नड शब्द कुठे बसवायचे

दुसरी भाषा म्हणून कन्नड आहेच, आणि ती वेगळ्या तासाला वेगळ्या चेहऱ्याने आली की पोरं बिचकतात. विषय चालू असतानाच ती आणा. माझ्या वर्गात प्रत्येक वस्तूला तीन पट्ट्या असतात. घरी काय म्हणता, पुस्तकात काय म्हणतात, कन्नडमध्ये काय म्हणतात. माती, मण्णु. पाणी, नीरु. शिंग, कोंबु. काही शब्द लावताना पोरं हसायला लागतात, कारण ते जवळजवळ एकच निघतात. तूप आणि तुप्प, ताट आणि तट्टे, बुट्टी तर दोन्हीकडे बुट्टीच. असे शब्द शोधायची पोरांना चटक लागते. घरी कन्नड बोलणारं एखादं पोर वर्गात असेल तर त्या दिवशी ते गटाचं गुरुजी. एरवी मागे बसणारी एक मुलगी या खेळात पुढे आली आणि परत मागे गेली नाही.

दुसरा विषय : बाजार

हा पावसाळा थोडा ओसरल्यावर घ्या, म्हणजे पोरांना आठवडी बाजाराला घेऊन जाता येईल. न्यायच्या आधी तीन प्रश्न ठरवा, जास्त नकोत. काय नगावर विकतात, काय वजनावर, काय मापावर? लिंबं नगावर, बटाटे वजनावर, चुरमुरे मापावर. एका गटाला एकच प्रश्न द्यायचा. सगळ्यांनी सगळं बघायचं ठरवलं की कुणीच काही बघत नाही, भेळ तेवढी खाऊन येतात.

वर्गात परत आल्यावर तराजू बनवायचा. सरळ काठी, मधोमध सुतळी, दोन टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांवर दोन करवंट्या. रिकामा तराजू आडवा राहिला पाहिजे. नाही राहिला तर वर गेलेल्या बाजूला थोडी ओली माती चिकटवायची. वजनं विकत आणू नका. मिठाची पुडी एक किलोची असते. पण करवंटीत ती बसत नाही, आणि काठीही वाकते, म्हणून त्यासाठी दोन पिशव्या लावून मोठा तराजू करायचा. एका बाजूला मिठाची पुडी, दुसऱ्या बाजूला दगड घालत जायचं. बरोबर झालं की ते दगड पिशवीत बांधून त्यावर "1 किलो" लिहायचं. मग तेच दगड दोन्ही पारड्यांत सारखे वाटले की अर्धा किलो. पोरांनी स्वतः बनवलेला अर्धा किलो ती विसरत नाहीत.

मापांसाठी आज्यांना बोलवा. अजून काही घरांत जुनी लाकडी किंवा पितळी मापं आहेत. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. एका आजीने वर्गात पोतं अंथरून भात मापून दाखवला. पहिलं माप ओतताना ती "एक" म्हणाली नाही, "लाभ" म्हणाली. पोरं तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. पायलीत चिपटी किती, हा प्रश्न तिसरीला द्यायचा आणि उत्तर सांगायचं नाही. पोतं, भात आणि माप त्यांच्या ताब्यात द्यायचं. माझ्या वर्गात पहिल्यांदा पंधरा आलं, मग सतरा, कारण कुणी शीग लावत होतं, कुणी सपाट. सोळा यायला अर्धा तास लागला. पण "सपाट माप" म्हणजे काय हे त्या अर्ध्या तासात कळलं.

मग दुकानं. पाच गट, पाच दुकानं. पहिलीची पोरं वस्तू मोजून देतात, दुसरीची पैसे घेतात आणि सुट्टे परत करतात, तिसरीची बिल लिहितात. कागदी नोटा पोरांनी बनवायच्या, प्रत्येकाला वीस रुपये. भाव पोरांनीच ठरवायचे आणि ते त्यांना बाजारात दिसलेले असावेत. आमच्या एका दुकानदाराने टोमॅटो दोन रुपये किलो लावले तर गिऱ्हाईक म्हणालं, नासके आहेत काय रे? एक दिवस अर्धी दुकानं कन्नडमधून चालवा. "एष्टु?" म्हणजे केवढ्याला, आणि ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु एवढ्या भांडवलावर दुकान चालतं. खऱ्या बाजारात पोरं हे ऐकतच असतात.

पाऊस, बी, रताळं

पावसाचा उपक्रम थोडक्यात सांगते, कारण तो सोपा आहे. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. कापायचं काम तुमचं. बाटलीचा बूड वाकडातिकडा असतो म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरा, तिथं रेघ मारा, ती शून्य. अंगणात मोकळ्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, विटांच्या आधाराने ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपण शाळा भरली की मोजायचं, पण रोज त्याच वेळी. मोजून झालं की पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत पाणी करायचं. लहानांना मिलिमीटर नको. बाटलीला कागदाची पट्टी लावायची, शून्यापासून पाण्याच्या उंचीएवढी कापायची, तारीख लिहायची आणि तक्त्यावर शेजारी शेजारी चिकटवत जायचं. महिन्याअखेर आलेख तयार असतो आणि तो आलेख आहे हे कुणी सांगितलेलंही नसतं. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला शाळा असेल तर उंच बाटली घ्या. तिथं मलप्रभा उगम पावते ती काही उगाच नाही. एका रात्रीत बाटली ओसंडून वाहिलेली असते आणि पट्टी किती कापायची हा प्रश्न पडतो.

बियांसाठी चवळी आणि मूग घ्या. ओल्या फडक्यात दोन-तीन दिवसांत मोड येतात. पोरांचा धीर तेवढाच. एक वाटी उजेडात, एक कपाटात, एक बिनपाण्याची. आधी प्रत्येकाला अंदाज विचारा आणि फळ्यावर त्याच्या नावासमोर लिहा. अंदाज चुकला तरी पुसू नका. कपाटातला मूग लांब आणि पिवळा झालेला बघून पोरं म्हणतात, आजारी पडलाय.

बेळगावच्या पश्चिम बाजूच्या गावांना मात्र माझा आग्रह असतो तो रताळ्याचा आणि बटाट्याचा. दोन्ही आपल्याच शेतातली. अर्धं रताळं पाण्यात बुडेल असं ग्लासात काड्यांवर टेकवून ठेवा, शेजारी एक बटाटा कोरडाच उजेडात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत रताळ्याला खाली मुळं आणि वर कोंब येतात. बटाट्याचे कोंब मात्र त्याच्या डोळ्यांतून येतात. डोळे मोजायचे, प्रत्येकाने आपल्या बटाट्याचं चित्र काढायचं. रताळं मूळ आहे आणि बटाटा खोड आहे, हे तुम्हाला माहीत असू द्या. तिसरीच्या पोराने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर राहू दे. वाकड्या बटाट्यांचे ठसे करायचे. कापलेली बाजू कापडाने कोरडी केली नाही तर रंग फिसकटतो. हिरवा पडलेला बटाटा मात्र घरी भाजीला न्यायला देऊ नका.

ज्यात मी तोंडघशी पडले

मोजणीला मी एकदा हरभरे दिले होते. जेवणाची घंटा झाली आणि एक पोरगी नाक धरून उभी. हरभरा आत. ओल लागली की तो फुगतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी केसातली पिन काढली, तेवढ्यात जेवण करणाऱ्या मावशीने हात धरला. तिचं बरोबर होतं. टोचून काढायला गेलं की वस्तू आणखी आत जाते. पोरीला तोंडाने श्वास घ्यायला सांगितलं आणि सरळ डॉक्टरांकडे नेलं. तेव्हापासून पहिलीला मोजायला चिंचोक्यापेक्षा बारीक काही नाही, आणि वाटताना मोजून द्यायचं, परत घेताना मोजून घ्यायचं. तेही गणितच.

खानापूरकडची पोरं उन्हाळ्याच्या आधी काजूच्या बिया घेऊन येतात, टरफलासकट. मोजायला मस्त दिसतात. त्या टरफलातलं तेल कातडीला भाजतं, फोड येतात. एरंडाच्या बियाही विषारी, त्या वर्गात आणायच्याच नाहीत.

पालकांचं काय? "पोरं शाळेत चिखल खेळतात" ही तक्रार येणार, तयारीत राहा. मी आता आधीच एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत दहा मिनिटं मागून घेते आणि बोलत नाही. पालकांच्या हातात मातीचा गोळा देते, बैल करायला लावते आणि त्यांच्या पोराला शेजारी बसून त्याचं वाक्य वाचायला लावते. एक जण कपडे खराब होतात म्हणून भांडायला आले होते. त्यांच्या बैलाचं वशिंड सगळ्यांत सुबक निघालं. कपड्यांचा प्रश्न खरा आहे, ते नाकारू नका. मातीचं काम शनिवारी ठेवा. सकाळची शाळा असते, गणवेश पुढे रविवारी धुतला जातो.

आवराआवर

हे शिकवायला कुणी सांगत नाही आणि इथंच नव्या लोकांचा धीर सुटतो. शेवटची वीस मिनिटं आवरायला राखून ठेवाच. एक गट पोती झटकणार, एक हत्यारं मोजणार, एक फरशी पुसणार. मातीचे हात नळाखाली धुवायचे नाहीत, मोरी तुंबते. पहिल्या बादलीत हात खंगाळायचे, दुसऱ्या बादलीत धुवायचे. पहिल्या बादलीतलं पाणी रात्रभर ठेवलं की माती तळाला बसते. वरचं पाणी झाडाला, खालची माती परत घमेल्यात.

अमावस्या झाली की ज्याला बैल घरी न्यायचा तो नेईल. मोडलेले, तडकलेले, कुणी न नेलेले बैल उरतात. ते फेकू नका. पूर्ण वाळलेली माती पाण्यात टाकली की सर्रकन विरघळते, अर्धवट ओली असली तर गोळाच राहते, म्हणून चांगले खडखडीत होईपर्यंत थांबा. मग बादलीभोवती सगळ्यांना बसवा आणि एकेक बैल पाण्यात सोडा. बुडबुडे येतात, आधी शिंगं जातात, मग पाय, वशिंड सगळ्यांत शेवटी. दमून बसलेल्या बैलाचा मालक त्या दिवशी बादलीपाशी आला, बैल मुठीत धरून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्याला उद्या सोडतो." मी बादली तशीच कोपऱ्यात सरकवून ठेवली.